सोलापूर जिल्ह्यातल्या होड्या, काहिली आणि तराफे: कुठे काय दिसलं ते इथे लिहा

भीमाकाठ
पक्ष्यांचे, किल्ल्यांचे, हेमाडपंती देवळांचे धागे इथे भरपूर आहेत. जिल्ह्यातल्या होड्यांचा एकही नाही, म्हणून हा काढतोय. तळं, धरण, नदी, बंधारा, कुठेही फिरताना पाण्यावर चालणारं जे काही दिसेल ते इथे लिहूया. लाकडी होडी, पत्र्याची होडी, फायबरची लाँच, गुळाची काहील (गूळ उकळायची मोठी गोल कढई), थर्माकोलचा तराफा, सगळं चालेल. घाट, होड्या लावायच्या जागा, पाणी उतरल्यावर वर येणारी देवळं हेही लिहा.

मला यात रस का, तर आपल्याकडची होडी हौसेची नाही. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात एखाद्या गावाने होडी ठेवली असेल तर त्यामागे काहीतरी कारण असतं आणि ते विचारलं की त्या पाण्याचा सगळा इतिहास निघतो. उजनीचंच घ्या. धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं. त्याआधी करमाळा आणि इंदापूर तालुक्यांमधली भीमा उन्हाळ्यात बैलगाडीने ओलांडता यायची, तिथे आज यशवंतसागर, म्हणजे उजनीचा जलाशय, पसरला आहे. म्हणजे त्या काठावरच्या बहुतेक होड्या धरणानंतरच्या. शेतकऱ्याच्या पोराने वल्हं हातात धरलं ते धरणामुळे.

उजनीवर होड्या बघायला जाणाऱ्यांनी आधी पाणीपातळी बघावी. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी. टक्केवारी वरच्या ५३-५४ टीएमसीवर काढतात, म्हणून उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' असं आपण ऐकतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. पातळी अशी खाली-वर होत असल्यामुळे होड्या लावायची जागा कायम कधीच नसते. सप्टेंबरात जिथे होडी बांधलेली दिसते तिथे मे महिन्यात कलिंगडं किंवा मका असतो आणि होडी खाली गाळाच्या कडेला गेलेली असते. मागच्या वर्षीचा नकाशा घेऊन गेलात तर हाती नुसता चिखल लागेल. गावात चहाच्या टपरीवर विचारा, लोक बरोबर वाट सांगतात.

नोंद करताना चार गोष्टी लिहा: जागा, महिना, होडी कशाची बनवलेली आणि ती कोणत्या कामाची. होडीवर नाव रंगवलेलं असेल तर तेही. फोटो काढण्याआधी होडीवाल्याला विचारा, ही कळकळीची विनंती.

---

करमाळा_पश्चिम
धागा काढलात, फार बरं केलंत दादा. आमचं जुनं गावठाण पाण्याखाली आहे, मी पुनर्वसित गावात वाढलो, त्यामुळे हा विषय घरचाच आहे.

कुगाव, चिखलठाण, वांगी, ढोकरी, केत्तूर या पट्ट्यात होडी म्हणजे एसटी. समोर इंदापूर तालुका दिसतो. बाजार तिकडे, दवाखाना तिकडे, पाहुणे तिकडे. रस्त्याने जायचं तर टेंभुर्णीवरून नाहीतर भिगवणवरून मोठा वळसा, होडीने समोरच्या काठाला. त्यामुळे होडीत माणसं असतात, दुधाचे कॅन असतात, मोटारसायकली असतात. मोटारसायकल चढवताना बघा एकदा. काठावरून होडीच्या कडेवर फळी टाकतात, एक जण हँडल धरतो, दुसरा मागून कॅरिअर उचलतो, गाडी आडवी ठेवून साइड स्टँडखाली लाकडाचा तुकडा सरकवतात. होडीवाला तोपर्यंत विरुद्ध बाजूला उभा राहून तोल धरतो. बोलणं एक नाही, सगळं सवयीने. आमच्याकडच्या एका होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, 'श्री कमलाभवानी प्रसन्न' लिहिलंय, दरवर्षी नवरात्राच्या आधी ती अक्षरं नव्याने रंगवतात.

२१ मे २०२४ ची दुर्घटना इथे लिहिलीच पाहिजे. कुगावहून कळाशीला निघालेली होडी संध्याकाळच्या वादळात उलटली, सहा जण गेले. एक जण पोहत काठाला लागला, त्यामुळे बाहेर कळलं. नंतर शिरसोडी-कुगाव पुलाचं मार्गी लागलं. पूल झाला की प्रवासी होड्या बंद होतील आणि ते चांगलंच आहे, आमच्या पोरांना जीव मुठीत धरून कॉलेजला जावं लागू नये. पण या होड्यांनी चाळीसेक वर्षं दोन तालुके जोडून ठेवले, त्याची कुठेतरी नोंद राहायला हवी. म्हणून मी इथे लिहीत राहणार.

पाणी उतरलं की कुगावजवळचा इनामदारांचा जुना वाडा वर येतो. भिंतींची जाडी बघा. गाळात चालताना काठी हातात हवी, वरचा थर वाळलेला दिसतो आणि आत पाय रुततो.

---

रानवारा
मला एक विचारायचंय. मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत, होडीत बसायचा हट्ट धरून आहेत. भिगवणला पक्षी बघायला नेतात ते कितपत सुरक्षित? आणि सोलापूर शहरात जवळ काही नाही का? आमच्या लहानपणी कंबर तलावात पायडल बोटी होत्या, विजापूर रोडला राहणाऱ्यांची रविवार संध्याकाळ तिथेच जायची.

---

भीमाकाठ
@रानवारा ताई, मुलांना जरूर न्या, पण या अटींवर.

लाइफ जॅकेट अंगात घालून, बंद लावून. सीटखाली ठेवलेलं जॅकेट होडी उलटल्यावर कुणाला सापडत नाही. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट घालू नका, पाण्यात ते डोक्यावरून निघून येतं. मुलांच्या मापाचं मिळत नसेल तर त्या दिवशी काठावरून पक्षी बघा.

वेळ सकाळची. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत दुपारनंतर पाण्यावर जाऊच नका. वळवाचं वादळ अर्ध्या तासात उठतं. उजनीचा पसारा लांबच लांब आणि मध्ये अडवायला काही नाही, त्यामुळे वाऱ्याला लाटा उभ्या करायला मोकळं मैदान मिळतं. आपल्या होड्यांची कड पाण्यापासून जेमतेम वीतभर, माणसं जास्त भरली की त्याहून कमी. दोन लाटा आत आल्या की होडी जड होते आणि तिसऱ्या लाटेला कलते. वरच्या दुर्घटनेची वेळ संध्याकाळची होती, हे लक्षात ठेवा.

भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळला पक्ष्यांसाठी होड्या मिळतात. हा भाग पुणे जिल्ह्यात येतो, पण पाणी आपलंच. होडीवाले मूळचे मासेमार. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या जवळ गेल्यावर ते इंजिन बंद करतात आणि बांबूने होडी ढकलत नेतात, कारण तिथे पाणी गुडघ्याएवढंच असतं. त्या शांततेत पट्टकदंब हंसांचा थवा डोक्यावरून गेला की पंखांचा आवाज ऐकू येतो. कैकर, म्हणजे मासे मारणारा शिकारी पक्षी, मासा घेऊन वर उठताना होडीवाल्यांना आपल्या आधी दिसतो. जानेवारी ते मार्च उत्तम. धरण काठोकाठ असेल तर उथळ जागा उरत नाहीत आणि रोहित उशिरा येतात, म्हणून परत तेच, आधी पातळी बघा.

---

हिप्परगा_रोड
शहराजवळचं मी सांगतो. तुळजापूर रोडवरचा हिप्परग्याचा तलाव, म्हणजेच एकरुख. आदिला नदीवर इंग्रजांनी मातीचा बांध घातला, १८७१ ला काम पुरं झालं. इतकं जवळ असून सोलापूरकर तिथे थांबत नाहीत, सरळ आईच्या दर्शनाला तुळजापूर गाठतात.

सकाळी सहा-साडेसहाला बांधाकडे या. मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी काढायला गेलेले दिसतील. थर्माकोलचे जाड तुकडे एकावर एक ठेवून जुन्या जाळ्यात किंवा प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधतात. वल्हं नसतं. दोन्ही हातांत प्लायवूडचे छोटे तुकडे घेऊन पाणी मागे ढकलत जातात. माणूस मांडी घालून बसलेला, पुढ्यात टोपली, मागे जाळ्याचा ढीग. एका वाऱ्याच्या सकाळी मी बांधावरून एकाला बघत होतो. वाऱ्याने तो सारखा बाजूला जायचा, तरी जाळ्याची एकेक पांढरी बाटली, म्हणजे ते तरंगायला बांधतात ती, न चुकता गाठत होता. टोपलीत बहुतेक चिलापीच.

मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलावही बघण्यासारखा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून तो सुरू झाला. तिथल्या होड्यांची माहिती कुणाकडे आहे का?

---

पंढरीची_लेक
चंद्रभागेशिवाय हा धागा कसा पुरा होणार? माहेर पंढरपूर, त्यामुळे मनापासून लिहितेय.

आमच्याकडच्या होड्या कोळी समाजाच्या, पिढ्यानपिढ्यांच्या. महाद्वार घाटावरून उतरलं की ओळीने लावलेल्या असतात. वाळवंटातलं पुंडलिकाचं देऊळ आणि पुढे गोपाळपूरच्या वाटेवर विष्णुपद, हा होडीचा नेहमीचा रस्ता. यात्रेकरू आषाढीला येतात आणि गर्दीत होडी करतात, पण खरी मजा मार्गशीर्षात आहे. त्या महिन्यात विठोबाचा मुक्काम विष्णुपदाला असतो अशी श्रद्धा आहे. पंढरपूरकर घरून डबे बांधून तिकडे जेवायला जातात. आमची आजी भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी आणि दहीभाताचं पातेलं फडक्यात बांधून होडीत मांडीवर घेऊन बसायची. पाणी संथ असतं, ऊन कोवळं असतं, होडीवाले काका वल्ह्याच्या तालावर अभंग म्हणतात. ज्यांना चंद्रभागा म्हणजे नुसती गर्दी वाटते त्यांनी एकदा मार्गशीर्षात यावं.

लाकडी होडी जवळून बघायची असेल तर उन्हाळ्यात या. नदीला पाणी नसतं तेव्हा होड्या वाळवंटात पालथ्या घालून दुरुस्त करतात. जुनं डांबर खरवडून काढायचं, फळ्यांच्या फटींत कापूस नाहीतर चिंध्या छिन्नीने ठोकून बसवायच्या, वरून गरम डांबर ओतून फडक्याने सारवायचं. फळी कुजली असेल तर तेवढीच काढून नवी बसवतात. नवी फळी आधी भिजत ठेवतात, मग वाकवतात. हे काम येणारी माणसं आता थोडी उरली आहेत, नव्या होड्या पत्र्याच्या नाहीतर फायबरच्या येतात.

आणि पुराचं. उजनीतून सोडलेलं पाणी आणि नीरेतून वीर धरणाचं आलेलं पाणी नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर एक होतं आणि मग आमच्याकडे येतं. दोन्हीकडून सोडलं की जुना दगडी पूल पाण्याखाली जातो, पुंडलिकाच्या देवळाला वेढा पडतो. त्या वेळी होड्या पार घाटाच्या वरच्या पायऱ्यांना बांधलेल्या दिसतात. पाणी किती चढलंय हे आम्ही होडी कुठल्या पायरीला बांधलीय त्यावरून ओळखायचो.

---

टेंभुर्णीकर
पत्र्याच्या होडीबद्दल लिहितो. माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, उसाच्या ट्रॉल्या हे रोजचं काम, पण होड्याही बनवतो.

अँगलचा सांगाडा, त्यावर पत्रा, सगळी वेल्डिंग दोन्ही बाजूंनी. तळ सपाट ठेवावा लागतो, कारण गाळावर टेकवायची असते. पुढची नाळ वर उचललेली, नाहीतर लाटेत पाणी आत येतं. गिऱ्हाईक सांगो न सांगो, मी पुढे आणि मागे बंद कप्पे करून देतोच. उलटली तरी ती तळाला जाऊ नये, माणसाला धरायला काहीतरी राहावं. लाकडी होडी पाणी भरलं तरी बऱ्याचदा तरंगत राहते, पत्र्याची दगडासारखी जाते. कप्प्यांचे पैसे वाचवू नका असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. पत्रा आतून गंजतो, म्हणून दर उन्हाळ्यात तळ ठोकून बघायचा. जिथे बद्द आवाज येईल तिथे ठिगळ.

यादीत मोटारींचे तराफेही घ्या, ते लोकांच्या लक्षातच येत नाहीत. उजनीच्या काठाने हजारो कृषिपंप आहेत. पाणी उतरायला लागलं की शेतकरी मोटार पिंपांच्या तराफ्यावर ठेवून आत आत सरकवतो, मागे केबल आणि पाइप वाढवत जातो. मे महिन्यात भीमानगरच्या वरच्या अंगाला काठावर उभं राहिलं की पाण्यात निळ्या पिंपांची रांग दिसते आणि काठाला केबलींचं जाळं. केबल जुनी असेल तर पाण्यात करंट उतरायची भीती असते. तिथे पोहायला किंवा होडी घालायला जाऊ नका.

---

वाटसरू_६५
वाळूच्या बोटी यादीत घ्यायच्या का? भीमेत पाइप आणि सक्शन पंप बसवलेल्या मोठ्या लोखंडी बोटी दिसतात. महसूलची कारवाई झाली की जिलेटिन लावून त्या उडवतात, सांगाडे तसेच पडून असतात.

---

भीमाकाठ
सांगाडा दिसला तर लिहा, तोही नदीचा इतिहास आहे. चालू बोट दिसली तर थांबू नका, फोटो काढू नका, तिथून निघा. त्या उपशाने पात्रात खोल खड्डे होतात आणि वरून पाणी सपाट दिसतं. वारीत बुडणाऱ्यांमध्ये अशा खड्ड्यांत पाय गेलेले असतात. काठी टेकवल्याशिवाय भीमेत उतरू नये, ओळखीचा घाट असला तरी.

---

कुडल_संगम
हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे, सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटर. लोक हरिहरेश्वराचं देऊळ, अनेक मुखांचं शिवलिंग आणि शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख बघून परत फिरतात. देवळामागे काठापर्यंत चालत जा. दोन नद्यांच्या पाण्याचा रंग पावसाळ्यात वेगळा असतो, बरंच अंतर तो मिसळत नाही. पलीकडे कर्नाटक. काठावर मासेमारांच्या ट्यूब आणि जाळी वाळत घातलेली दिसतात.

मंगळवेढा रस्त्यावरचं माचणूरही सांगतो. सिद्धेश्वराचं देऊळ, खाली उतरणारा दगडी घाट, पात्रात जटाशंकराचं छोटं देऊळ. जवळच ब्रह्मपुरी, तिथे १६९५ पासून काही वर्षं औरंगजेबाची छावणी होती. एवढ्या फौजेला या पात्रातून ये-जा करायला किती नावा लागल्या असतील, हे त्या घाटावर बसलं की मनात येतंच.

---

सीनाकाठ
आमची सीना वर्षातले कितीतरी महिने कोरडी. सप्टेंबर २०२५ च्या महापुरात तिच्यावर एनडीआरएफच्या नारिंगी रबरी बोटी फिरल्या. माढा, मोहोळ, करमाळ्याच्या गावांमधून माणसं काढली. जिथे आम्ही जन्मात होडी पाहिली नव्हती तिथे बोट उसाच्या शेंड्यांवरून चालली होती. घरात शिरलेल्या पाण्यात कुणी गुळाची काहील काढली, तिच्यात म्हातारी माणसं आणि शेळ्या बसवून उंचवट्यावर नेल्या. काहील गोल, वल्हं मारलं की जागेवर फिरते, म्हणून दोन पोरं दोन्ही कडांना धरून पाण्यातून चालत होती.

नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीकडे एक चांगली होडी आणि दहा जॅकेटं असावीत, एवढंच माझं म्हणणं आहे. मदत येईपर्यंतचे पहिले तास गावालाच काढावे लागतात.

---

टेंभुर्णीकर
@सीनाकाठ, ग्रामपंचायतीने ठराव केला तर बंद कप्प्यांची होडी मी फक्त सामानाच्या पैशांत करून देतो. मजुरी नको. निरोप टाका.

---

रानवारा
खूप माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. उजनीच्या पाण्यात बुडालेलं पळसदेवचं देऊळ होडीतून बघता येतं का? आणि कधी?

---

करमाळा_पश्चिम
@रानवारा ताई, धरण भरलेलं असताना तिथे जाण्यात अर्थ नाही. पाणी उतरत गेलं की आधी शिखर दिसायला लागतं, तेव्हा होडीने जवळ जाता येतं. अगदी कमी झालं की सगळं देऊळ मोकळं होतं आणि चालत जाता येतं, २०२४ ला तसंच झालं होतं. शिखराच्या जवळून जाताना होडीवाल्याला वेग कमी करायला सांगा, आजूबाजूला पाण्याखाली जुन्या भिंती आणि दगड आहेत, पत्र्याचा तळ फाटतो. मुलांना मापाची जॅकेटं सोलापुरातूनच घेऊन निघा.

आणि भीमाकाठ दादा, कुगावच्या होड्यांचे फोटो पुढच्या आठवड्यात टाकतो. तिघा होडीवाल्यांची परवानगी मिळाली आहे, एकाने नको म्हटलंय, त्याची होडी वगळून बाकीच्या टाकतो.